ध्रुवीय भोवरा फुटला की थंडी येतेच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मुलगी-जावई शिकागोला असतात. दर हिवाळ्यात बातम्यांत 'पोलर व्हॉर्टेक्स तुटला, आता कडाक्याची थंडी' असं झळकतं. कधी खरंच थंडी पडते, कधी काहीच होत नाही. तीस किलोमीटर उंचीवरचं वारं जमिनीवरची थंडी ठरवतं ते कसं? आणि आपल्या निफाडचा पारा घसरतो त्यामागेही हेच असतं का?"

निफाडचं आधी सांगून टाकतो : थेट संबंध नाही. का नाही, ते पुढे येईल.

शिकागोचं उत्तर मात्र लांबतं, कारण बातमीत क्रमच उलटा सांगितलेला असतो. वरचा भोवरा फुटला आणि त्यातून थंडी सांडली, असं चित्र रंगवलं जातं. प्रत्यक्षात गडबड सुरू होते ती खाली, आपण राहतो त्या थरात. तिथल्या हवामानानेच वरचा भोवरा मोडतो. मग मोडलेला भोवरा पुढचे काही आठवडे खालच्या वाऱ्यांचा कल बदलून ठेवतो. थंड हवा वरून येत नाही, ती आर्क्टिकवर आणि सैबेरिया-कॅनडावर आधीच साठलेली असते. ती कोणाच्या अंगावर जाईल याची शक्यता तेवढी बदलते.

शिवाय 'पोलर व्हॉर्टेक्स' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक भोवरा तपांबरात, म्हणजे जमिनीपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंतच्या थरात असतो. त्याचा काठ म्हणजे आपली ओळखीची जेट स्ट्रीम, उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा. तो वर्षभर असतो, नेहमीच वेडावाकडा असतो, आणि त्याचा एखादा फाटा दक्षिणेकडे लोंबला की अमेरिकेत हुडहुडी भरते. जानेवारी २०१४ च्या थंडीत हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला, तेव्हा मुख्य करामत याच खालच्या भोवऱ्याची होती. दुसरा भोवरा त्याच्या वर, स्थितांबरात. तो फक्त थंडीच्या मोसमात असतो. शरद ऋतूत ध्रुवावर रात्र पसरायला लागली की तिथला ओझोन सूर्याची उष्णता शोषेनासा होतो, हवा गार होत जाते आणि तिच्याभोवती पश्चिमेचे वारे गोल फिरायला लागतात. वसंतात ऊन परतलं की हा भोवरा विरतो. तुमचा प्रश्न या वरच्या भोवऱ्याबद्दल आहे.

त्याची तब्येत मोजायला आम्ही एकच आकडा धरतो : ६० अंश उत्तर अक्षांशावर, १० हेक्टापास्कल दाबाच्या पातळीवर (साधारण ३० किलोमीटर उंचीवर) संपूर्ण अक्षवृत्तावरचा सरासरी पश्चिमी वारा. भर हिवाळ्यात तो ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर असतो. दक्षिण गोलार्धात त्यांच्या हिवाळ्यात हाच आकडा तीनशेच्या आसपास जातो. एवढा फरक कशाने? डोंगरांनी आणि जमिनीने. उत्तरेत रॉकी आहे, हिमालय-तिबेटचं पठार आहे, गार खंडांच्या शेजारी उबदार महासागर आहेत. पश्चिमेचा वारा यांच्यावरून जाताना हजारो किलोमीटर लांबीच्या लहरी उठतात, आणि त्या वरही चढतात. दक्षिणेला ६० अंशांवर नुसतं पाणी. तिथला भोवरा त्यामुळे सहसा निवांत असतो. मोजणी सुरू झाल्यापासून तिथे पूर्ण मोडतोड एकदाच झाली, सप्टेंबर २००२ मध्ये. त्या वेळी ओझोनच्या छिद्राचेही दोन तुकडे झाले होते.

या लहरी सगळ्याच वर पोचत नाहीत. चार्नी आणि ड्राझिन या हवामानशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये गणिताने दाखवलं की वरचा वारा पश्चिमेचा असेल, पण फार जोराचा नसेल, तरच लहर वर चढते. आणि चढतात त्याही फक्त सगळ्यात लांब लहरी, पृथ्वीभोवती एक किंवा दोन वळणं घेणाऱ्या. रोजची वादळं, कमी दाबाची छोटी क्षेत्रं यांचा तिथे शिरकाव होत नाही. म्हणून भोवऱ्याला धक्का द्यायचा तर खाली मोठ्या पल्ल्याचं आणि बराच काळ टिकणारं काहीतरी लागतं. उरल पर्वतावर ठाण मांडून बसलेला जास्त दाब आणि त्याच वेळी अलास्काजवळच्या अॅल्यूशियन बेटांवर खोल गेलेला कमी दाब, ही जोडी त्यातली नामचीन. आधीपासून असलेल्या लहरीत ती अशी भर घालते की लहर दुप्पट जोराने वर जाते.

वर हवा विरळ असल्यामुळे लहरीचा पसारा वाढत जातो आणि शेवटी ती फुटते. फुटताना ती वाऱ्याला मागे खेचते. वारा मंदावला की ध्रुवाभोवतीचा तोल जातो आणि ध्रुवावरची हवा खाली बसते. खाली बसणारी हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते, सायकलचा पंप मारताना त्याचं टोक तापतं तसंच. काही दिवसांत ३० किलोमीटरवरचं तापमान ४०-५० अंशांनी चढतं. बाहेरून उष्णता कुठूनही आलेली नसते. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतले रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ च्या हिवाळ्यात फुग्यांच्या नोंदींत ही उसळी पहिल्यांदा पाहिली. खालची लहर आणि वरचं तापणं यांची सांगड घालणारं पहिलं पक्कं गणित जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये मांडलं.

वारा नुसता मंदावला तर ते किरकोळ तापन. तो शून्याखाली जाऊन पूर्वेचा झाला, तर मोठं आकस्मिक तापन, ज्याला सगळे एसएसडब्ल्यू (सडन स्ट्रॅटोस्फेरिक वॉर्मिंग) म्हणतात. उत्तर गोलार्धात अशा घटना दहा वर्षांत सरासरी सहा होतात. काही वेळा भोवरा अख्खाच एका बाजूला सरकतो, काही वेळा त्याची दोन शकलं होतात. दरवर्षी होतं असंही नाही आणि दुर्मिळ आहे असंही नाही. त्यामुळे 'ऐतिहासिक' वगैरे मथळा दिसला की मी चहा संपवूनच बातमी उघडतो.

आता खरा अवघड भाग. वर मोडतोड झाली, पण खाली काय? वातावरणाचं बहुतेक सगळं वजन खालीच आहे. १० हेक्टापास्कलच्या वर एक टक्का हवा उरते. त्या एक टक्क्याने बाकीच्या नव्व्याण्णव टक्क्यांना वळवावं, हे बरीच वर्षं कोणाला पटत नव्हतं. बाल्डविन आणि डंकर्टन या शास्त्रज्ञांचा २००१ चा लेख आला आणि चर्चा बदलली. त्यांनी अनेक घटना एकावर एक ठेवून दाखवलं की कमकुवत भोवऱ्याची खूण वरून खाली सरकते आणि जमिनीलगतच्या दाबात त्यानंतर सुमारे दोन महिने दिसत राहते.

दोन महिने का, तर त्याचं कारण थरांच्या स्वभावात आहे. एकदा वर पूर्वेचा वारा आला की नव्या लहरी त्याच्या खालीच अडतात आणि तिथेच फुटतात. तिथला वारा मंदावतो, मग लहरी आणखी खाली अडतात. अशा रीतीने बिघाड पायरीपायरीने उतरतो. वर, तीस-चाळीस किलोमीटरवर हवा आपली उष्णता लवकर बाहेर टाकते आणि भोवरा पुन्हा जमायला लागतो. पण पंधरा-वीस किलोमीटरवर हेच काम फार सावकाश चालतं, आणि तिथे उतरलेला बिघाड आठवडेच्या आठवडे हलत नाही. जेट स्ट्रीमच्या डोक्यावर हे असं बसून राहिलं की अटलांटिकवरची जेट दक्षिणेकडे सरकते, ध्रुवावर दाब वाढतो, आणि आर्क्टिक ऑसिलेशनचा निर्देशांक (ध्रुव आणि मध्य अक्षांश यांच्यातल्या दाबाच्या फरकाचं माप) उणे होतो. या शेवटच्या पायरीत खालची वादळं स्वतःच जेटला दक्षिणेत धरून ठेवतात. ते नेमकं कसं, यावर अजून एकमत नाही.

आणि सगळे बिघाड खाली पोचतही नाहीत. ढोबळ मानाने तीनातले दोन पोचतात. माझं काम दोन ते सहा आठवड्यांच्या अंदाजांचं, आणि आमची बरीच गिऱ्हाईकं वीज-गॅसवाली. त्यांना 'हो की नाही' एवढंच हवं असतं, आणि तीनातला एक खाली का पोचत नाही हे त्यांना समजावणं हेच माझं निम्मं काम.

फेब्रुवारी २०१८ ची घटना बघा, सगळ्या खाचाखोचा तिच्यात सापडतात. जानेवारीच्या शेवटी एमजेओ, म्हणजे विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा मोठा पट्टा, पश्चिम प्रशांत महासागरावर विक्रमी जोरात होता. तिथल्या पावसातून सुटलेली उष्णता मध्य अक्षांशांतल्या लहरींना खतपाणी घालते. लहरी वर गेल्या, भोवऱ्याचे दोन तुकडे झाले, आणि १२ फेब्रुवारीला ३० किलोमीटरवरचा वारा पूर्वेचा झाला. एक तुकडा कॅनडाच्या बाजूला, दुसरा युरेशियावर. युरोपात पुढच्या दिवसांत काय झालं? वरवर पाहता काहीच नाही. उलट २१ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पारा २५ अंशांच्या वर गेला, फेब्रुवारीतला तिथला उच्चांक. त्या दिवशी न्यूजर्सीतल्या आपल्या कुठल्याही कुटुंबाला 'भोवरा फुटलाय, थंडी येणार' असं सांगितलं असतं तर हसू झालं असतं.

पण आमच्या उंची-वेळ आलेखावर लाल रंग खाली उतरत होता. या आलेखात आडवी तारीख, उभी उंची, आणि कमकुवत भोवरा लाल. १५ किलोमीटरच्या रेषेपर्यंत तो सलग उतरला आणि तिथे थांबून राहिला. मी तरी बघतो ती हीच खूण. तिसाव्या किलोमीटरवरचा लाल ठिपका कितीही गडद असला तरी त्यावर पैसे लावत नाही. महिन्याच्या शेवटी स्कँडिनेव्हियावर जास्त दाब बसला आणि सैबेरियाकडची हवा थेट पश्चिमेला वाहायला लागली. २६ फेब्रुवारीला रोममध्ये बर्फ पडलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी या थंडीला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. १ मार्चला वेल्समधल्या ट्रेडेगरला दिवसाचं कमाल तापमान उणे ४.७ अंश होतं. त्याच आठवड्यात ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला, जिथे सूर्य अजून नीट उगवलेलाही नव्हता, तापमान शून्याच्या वर होतं. दक्षिणेला सरकलेल्या जेटमुळे स्पेन-पोर्तुगालवर मार्चभर पाऊस पडला आणि तिथला दुष्काळ सरला. आणि न्यूजर्सी? तिथे मार्चमध्ये एकापाठोपाठ चार नॉरईस्टर, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची हिवाळी वादळं, आली. म्हणजे फुटण्याच्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी आणि पुढे.

पुढच्याच वर्षी याच हिशेबाने जाणारे तोंडघशी पडले. २ जानेवारी २०१९ ला भोवरा पुन्हा मोडला. वरची मोडतोड दणदणीत, तरी लाल रंग खाली नीट उतरला नाही आणि युरोपात अपेक्षित गारठा आला नाही. आणि तरीही ३० जानेवारीला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उणे ३१ अंशांची नोंद झाली. बातम्यांनी सगळं खापर वरच्या भोवऱ्यावर फोडलं. मला त्यात खालच्या, तपांबरातल्या भोवऱ्याचा लोंबता फाटा जास्त दिसतो. वरच्याचा हात असेलही, पण २०१८ सारखी सरळ साखळी तिथे दाखवता येत नाही.

टेक्सास २०२१ तर त्याहून वादाचं. ५ जानेवारीला मोठं तापन, फेब्रुवारीत आर्क्टिक ऑसिलेशन खोल उणे, आणि १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्ट वर्थला उणे १९ अंश. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरांची वीज गेली, दोनशेवर माणसं मेली. जानेवारीतल्या तापनाने पाया घातला असं काहींचं म्हणणं. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ज्यूडा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग मांडला : भोवरा फुटत नाही, तर ताणला जातो, लांबुळका होतो, आणि खालून गेलेली लहर परतवून उत्तर अमेरिकेवर टाकतो. यात ६० अंशांवरचा वारा पूर्वेचा होत नाही, म्हणजे आमचा लाडका आकडा काहीच बोलत नाही. शिकागोकरांसाठी हा ताणाचा प्रकार जास्त कामाचा आहे. फुटण्याचा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो तो उत्तर युरोप आणि उत्तर आशियात. अमेरिकेच्या मध्यभागी थंडीच्या लाटा अनेकदा ताणलेल्या भोवऱ्याबरोबर येतात, आणि आल्या की आठवडाभरात निघूनही जातात.

उलट टोकाचं उदाहरण २०२० चं. त्या हिवाळ्यात लहरी क्षीण होत्या, भोवरा घट्ट फिरत राहिला, आर्क्टिक ऑसिलेशन फेब्रुवारीत विक्रमी अधिक झालं. जेट उत्तरेकडे आणि जोरात, थंड हवा ध्रुवावरच कोंडलेली. युरोपचा हिवाळा उबदार गेला, ब्रिटनमध्ये नोंदींतला सगळ्यात ओला फेब्रुवारी झाला. वर इतका काळ कडाका राहिला की मार्चमध्ये आर्क्टिकवरचा ओझोन कधी नव्हे इतका घटला. घट्ट भोवऱ्याची बातमी होत नाही, पण अंदाजाला तीसुद्धा तितकीच उपयोगी असते.

आता निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच अंशांच्या खाली गेला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, की मला हमखास कोणीतरी 'पोलर व्हॉर्टेक्स?' असं विचारतं. सैबेरियाची हवा आपल्याकडे थेट येऊच शकत नाही, मध्ये हिमालय आहे. आपली थंडी बनते ती अशी : पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारं कमी दाबाचं क्षेत्र, काश्मीर-हिमाचलवरून पुढे सरकतो, त्याच्या मागून उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान-मध्य प्रदेशमार्गे खाली येतो, आकाश निरभ्र होतं आणि दख्खनच्या पठारावरची जमीन रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहते. निफाडला तेवढं पुरतं.

लांबचा धागा आहे. अटलांटिक आणि आर्क्टिकवरचे दाबाचे निर्देशांक अधिक असले की आशियावरची उपोष्ण जेट आणि तिच्यातले विक्षोभ जोर धरतात असं अभ्यास सांगतात. म्हणजे भोवरा घट्ट असताना उत्तर भारतात पाऊस-बर्फ थोडं जास्त, असा कल निघतो. पण त्यावर नाशिकचा अंदाज बांधता येत नाही. एल निनो, ला निना, एमजेओ यांचा आवाज त्याहून मोठा. जानेवारी २०२४ चंच पाहा : उत्तर भारतात दिवसेंदिवस धुकं आणि गारठा होता, आणि १६ तारखेला भोवराही मोडला. दोन्ही एकाच महिन्यात, म्हणून लोकांनी जोडून टाकलं. धुकं त्याआधीपासून होतं. भारतीय हवामान विभागाने कारणं दिली ती विक्षोभांचा अभाव, एल निनो आणि उत्तर भारतावर १२ किलोमीटर उंचीवरची जोरकस जेट अशी.

भारताशी या घटनेचा खरा ठसठशीत संबंध निघतो तो भलतीकडेच, शंभर किलोमीटर उंचीवर. मोठं तापन झालं की वरच्या वातावरणातल्या चंद्राच्या भरतीच्या लहरी वाढतात आणि विषुववृत्तावरून दिवसा वाहणारा विजेचा प्रवाह दुपारी उलटा फिरतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या तिरुनेलवेलीच्या केंद्रावर, दक्षिण टोकाला, चुंबकमापकात हा उलटा झोका टिपला जातो. आर्क्टिकवर हवा तापते आणि तमिळनाडूतली सुई हलते! मला या सगळ्या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

तुम्ही घरबसल्या काय बघावं? तापनाचा भरवशाचा अंदाज आठ-दहा दिवस आधी मिळतो, फार तर दोन आठवडे. त्यापलीकडे एखाद्या मॉडेलने पूर्वेचा वारा दाखवला तर वाचून सोडून द्या. युरोपीय हवामान केंद्र किंचित वेगळ्या सुरुवातींनी मॉडेल पन्नास वेळा चालवतं; त्या पन्नास चालींपैकी बहुतेकींत तो दिसायला लागला की दखल घ्या. मग पंधरा किलोमीटरवर काय चाललंय ते बघा. आणि शिकागोसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे अलास्का-पश्चिम कॅनडावर जास्त दाबाची भिंत उभी राहतेय का. ती असेल तर भोवरा शाबूत असतानाही थंड हवा मिशिगन सरोवरापर्यंत घसरते, आणि ती नसेल तर भोवऱ्याची शकलं झाली तरी मुलीला नेहमीच्या जाकिटात भागतं. नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं ते तिने सात दिवसांच्या स्थानिक अंदाजावर ठरवावं, भोवऱ्याच्या बातमीवर नाही.

हवामान बदलामुळे भोवरा वारंवार मोडतोय का, असंही एकाने विचारलंय. रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स आणि कारा समुद्रावरचं बर्फ घटलं की उरलवरचा जास्त दाब बळावतो आणि भोवऱ्याला धक्के बसतात, हा तर्क भक्कम वाटतो. पण भविष्याची मॉडेलं भोवरा कमकुवत होणार की घट्ट, यावर दोन्हीकडे विखुरलेली आहेत, आणि वर्षागणिक चढउतार एवढे मोठे की साठ-सत्तर वर्षांच्या नोंदींतून ठाम कल काढणं मला धाडसाचं वाटतं.

एक शेवटचं, कारण ते दरवर्षी विचारलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये 'भोवरा कोसळला' असं वाचलंत तर घाबरू नका. ऊन परतलं की तो दरवर्षीच मोडतो आणि शरद ऋतूपर्यंत परत येत नाही. फक्त तारीख मागेपुढे होते, कधी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, कधी एप्रिल उलटताना. लवकर मोडला तर युरोपचा वसंत थोडा गारठतो, उशिरा मोडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.